बाहेर गेल्याची नोंद नाही

१

मेलेल्या माणसांची नावं तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. सांगितलं की लोक आधी हसतात, मग विषय बदलतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत आम्ही बाराजण परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या घराण्यांची पुस्तकं तयार करतो. चर्चच्या जुन्या वह्या, थडग्यांचे फोटो, मृत्युपत्रं, सगळं स्कॅन होऊन आमच्याकडे येतं. मशीन ते वाचतं आणि निम्मं चुकीचं वाचतं. चुकलेलं दुरुस्त करायला आम्ही. कोण कुणाचा मुलगा, कधी जन्मला, कधी गेला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात, दोन दिवस घरून. चौदा वर्षं झाली. डोळे गेले, मान गेली, नोकरी तेवढी राहिली.

घर ऑफिसपासून दोन किलोमीटरवर, सातव्या मजल्यावर. फ्लॅट ७०४. घरात आई, मी आणि बायको संपदा. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं बंगळुरात आहे, त्यामुळे आईच्या मराठीत निम्मी कानडी असते. संपदा पुण्याची, तिच्या मराठीत निम्मं इंग्रजी. मधे मी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते मागच्या वर्षी भाद्रपदात गेले.

गेल्या काही वर्षांत मी कायम दमलेला असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या दमण्यातून झालं.

२

मार्चमध्ये माझ्याकडे आर्डव्रे घराण्याचं काम आलं. स्कॉटलंडमधलं जुनं सरदार घराणं. आता उरलेली एकटी वारस म्हणजे एक्याण्णव वर्षांची मिस आर्डव्रे. लग्न नाही, मूलबाळ नाही. वृद्धाश्रमात राहते. आपल्यामागे घराण्याचं एक पुस्तक तरी राहावं एवढीच तिची इच्छा.

मूळ पुरुष सातशे वर्षांपूर्वीचा. राजाच्या फौजेतला नाइट, सर डंकन आर्डव्रे. जमीन किती, घोडे किती, कुठल्या कागदावर मोहोर केली, हे सगळं सापडतं. मग एका लढाईनंतर तो बेपत्ता होतो आणि कागद संपतात. त्यापुढची हकिकत घरातल्या घरात सांगत आलेली.

सात वर्षं वाट पाहून मुलानं बापाचे विधी उरकले आणि बापाच्या खुर्चीत बसायला लागला. एका संध्याकाळी सगळे जेवत असताना डंकन परतला. तलवारीच्या घावानं अर्धा चेहरा खाली ओघळलेला, बोलणं अडखळत. मुलानं ओळखलं. पण ओळख दिली नाही. म्हणाला, हा कोण मला ठाऊक नाही, दाराशी बसवा. डंकन म्हणाला, नावानं बोलावशील तेव्हाच आत येऊन जेवेन. सकाळी दाराशी कोणी नव्हतं. ओल्या पावलांचे ठसे होते. येणारे होते, जाणारे नव्हते.

तेव्हापासून त्या घरात रिवाज पडला. रात्रीच्या जेवणाला एक ताट दाराबाहेर ठेवायचं, पण त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यांच्याकडेही आमच्यासारखंच, थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. मी बिंदुमाधव, कारण माझे आजोबा बिंदुमाधव. पण सातशे वर्षांत आर्डव्र्यांनी एकाही मुलाचं नाव डंकन ठेवलेलं नाही.

मिस आर्डव्रेनं बजावून कळवलं होतं, पुस्तकात त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ ओढा. आमच्या फॉर्ममध्ये मात्र नावाचा रकाना रिकामा ठेवला तर पान सेव्हच होत नाही. टीम लीड महांतेशला विचारलं. तो विजापूरचा, कशाचंच ओझं घेत नाही. म्हणाला, "सर, भरा की. छापताना काढू." मी भरलं. वंशावळीच्या प्रत्येक पानावर मूळ पुरुष लागतो. म्हणजे पाच महिन्यांत चारेकशे वेळा मी ते नाव लिहिलं, आणि सवयीनं दर वेळी तोंडातल्या तोंडात म्हटलं.

३

अण्णांना जाण्याआधी चार महिने अर्धांगाचा झटका आला होता. तोंडाची डावी बाजू ओघळली. शब्द अडकायचे. स्वतःचं नावही धड यायचं नाही. तासन् तास बाल्कनीत बसायचे आणि माझी हाक आली की अर्ध्या तोंडानं हसायचे. ते हसणं मला बघवायचं नाही.

एकदा दुपारी एकटेच खाली उतरले आणि गेटबाहेर गेले. परत आले तेव्हा गेटवर नवा माणूस होता. एजन्सी दर चार महिन्यांनी माणसं बदलते. त्यानं नियमाप्रमाणे फोटो काढून गेटच्या ॲपवर पाठवला. माझ्या फोनवर आलं, "फ्लॅट ७०४. वृद्ध गृहस्थ. नाव सांगत नाहीत." खाली दोन बटणं, 'येऊ द्या' आणि 'नकार'. मी वर घरीच, गिऱ्हाइकाशी कॉलवर होतो. घाईत बोट नकारावर पडलं.

निदान संपदाला मी तसं सांगितलं. पाऊण तास ते उन्हात उभे होते. शेवटी देवळातून परतणाऱ्या आईनं त्यांना पाहिलं. तीन आठवड्यांनी ते गेले. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, उन्हाचा काही संबंध नाही.

म्हणून वर्षश्राद्ध मला नीट करायचं होतं. देवधर्मावर माझा फार विश्वास आहे अशातला भाग नाही. पण एकदा तरी त्यांना नावानं हाक मारून घरात घ्यावं, पानावर बसवावं, पोटभर वाढावं, एवढं मला हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

४

आदल्या दिवशी आर्डव्र्यांचं काम द्यायचं होतं. पहाटे चारला लॅपटॉप मिटला आणि सहाला आंघोळीला उठलो.

भीमाचार्य आमचे जुने गुरुजी. त्यांना त्या दिवशी तीन श्राद्धं होती. "बेग बेग आटपू या हो, मला बोम्मसंद्र्याला पोचायचंय," हे आल्या आल्या सांगितलं. हल्ली श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाहीत, म्हणून पाटावर दर्भाचा बटू मांडला. त्याच्यापुढे केळीचं पान. ज्याला नावानं बोलवायचं, तो येऊन त्या पाटावर बसतो अशी समजूत. आईनं वडे तळले होते, अण्णांना आवडायची तशी दाट खीर केली होती.

डोळ्यांत धूर जात होता. भीमाचार्य म्हणत होते, मी मागून म्हणत होतो. गोत्र झालं. ते म्हणाले, "आता वडिलांचं नाव."

मी म्हणालो, "डंकन."

म्हणायचं होतं मधुकर. हे नाव मी आत्ता मृत्यूच्या दाखल्यावर बघून लिहितो आहे.

भीमाचार्यांनी मिटलेले डोळे उघडलेसुद्धा नाहीत. जे नाव आलं त्याला 'शर्माणं' जोडलं आणि पुढे निघाले. मला तेव्हाच कळलं. चुकलं, एवढं म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग सगळं पहिल्यापासून करायला लागलं असतं. गुडघे दुखत होते, एकला कॉल होता. मी मनाशी म्हटलं, अण्णांना कळतंय मला कोण म्हणायचंय ते. आणि पुढचे मंत्र म्हणत राहिलो.

गच्चीवर पिंड ठेवला. कावळे होते, सात-आठ तरी. टाकीच्या कठड्यावर ओळीनं बसले होते. पिंडाकडे एकानंही पाहिलं नाही. सगळे जिन्याच्या दाराकडे बघत होते. भीमाचार्यांनी घड्याळ पाहिलं, पिंड उचलून गाईला द्यायला सांगितला आणि गेले.

५

संध्याकाळी फोनवर ॲपची सूचना दिसली. "फ्लॅट ७०४. पाहुणे १. आत १२:१०. बाहेर गेल्याची नोंद नाही."

भीमाचार्य असणार. पण त्यांची नोंद वेगळी होती, येण्याची आणि जाण्याची. मी खाली फोन लावला. गेटवर आता कल्लाप्पा असतो. चिकोडीकडचा, अण्णा गेल्यावर लागलेला. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून खूश असतो.

"सायेब, बाराला मीच हुतो की. गुरुजी सोडून कुणीबी आलं न्हाई तुमच्याकडं. मशीन खुळं झालंय बघा."

मशिनं खुळी असतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? सूचना पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही.

जेवणाच्या टेबलाच्या चौथ्या खुर्चीखाली ओल दिसायला लागली. पुसली की तासाभरात परत. संपदा म्हणाली, "फिल्टरचा पाइप लीक होतोय, प्लंबरला कॉल कर." प्लंबर आला, पाइप कोरडा ठणठणीत. ओलीला वास होता, भिजलेल्या घोंगडीचा. बंगळुरात आमच्या घरी घोंगडी कधीच नव्हती.

६

आईनं चार ताटं मांडायला सुरुवात केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पन्नास वर्षांचा हात, चुकायचाच. आठवड्यानं विचारलं.

"आई, चौथं कुणाला?"

"असू दे की. स्वल्प सरक, तूप वाढू दे." तिनं चौथ्या ताटातल्या भातावरही तूप वाढलं. मग सहज बोलावं तशी म्हणाली, "तुझ्या अण्णांना थंडीचं फार. तिकडं समुद्राचं वारं असायचं ना."

अण्णांनी जन्मात एकदा समुद्र पाहिला होता, गोकर्णला, अर्धा दिवस.

"आणि ती गालावरची खूण. लग्नात मी भ्यालेच होते ती बघून."

"अण्णांच्या गालावर कसली खूण होती?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दोघांतलं भ्रमिष्ट कोण, असा मलाच प्रश्न पडला. "सरी, बरंय," ती म्हणाली, "आपला बाप तुला आठवेना झाला आता."

संपदा मला नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "अरे, हे डिमेन्शियाचं सुरू होतंय. डॉक्टरला दाखवू या." मलाही तेच पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं.

त्याच रात्री मिस आर्डव्रेची मेल आली. तिच्यासाठी नर्स टाइप करते. "या आठवड्यात माझ्या दाराशी कोणी नाही. मी ताट ठेवते ते सकाळी भरलेलंच असतं. नव्वद वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागते आहे. तुम्ही काही केलंत का?"

लॅपटॉप मिटला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई असेल म्हणून मी वळून पाहिलं नाही. आई तिच्या खोलीत घोरत होती, ते मला ऐकू येत होतं.

७

फ्लॅटचा खाता, म्हणजे पालिकेतली मालकीची नोंद, अण्णांच्या नावावरून माझ्या नावावर करायचा होता. अर्जात पहिलाच रकाना, अर्जदाराच्या वडिलांचं नाव. मी भरला, छापला, सही केली आणि संपदाला वाचायला दिला. ती वाचत थांबली.

"हे काय लिहिलंयस? डंकन कोण?"

मी हसलो. कामाचा ताण, म्हणालो. दुसरा कागद घेतला. पेन टेकवलं आणि थांबलो. नाव येईना. जिभेवरही नाही, आतही नाही. अण्णांचा आवाज आठवत होता. पायरी चढताना ते 'राम राम' म्हणायचे ते आठवत होतं. त्यांचं नाव जिथं असायचं तिथं काहीच नव्हतं. कपाटातून दाखला काढला. मधुकर. वाचलं, पुन्हा वाचलं. पाटीवरच्या कुणा परक्याचं नाव वाचावं तसं वाटलं.

मला फार भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली.

भीमाचार्यांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. पलीकडे त्यांनी पंचांग चाळलं. मग म्हणाले, "सर्वपित्रीला परत करू या. मी नीट वेळ काढून येतो. पण नाव तुम्हीच घ्यायचं हो. मी घेऊन चालत नाही. लेकानं घ्यावं लागतं."

"आणि नाही आलं तर?"

"पाठ करा," ते म्हणाले.

मी पाठ केलं. बसमध्ये, लिफ्टमध्ये, आंघोळ करताना. मधुकर, मधुकर. पंधरा दिवस. दाखल्याची झेरॉक्स खिशात ठेवली.

आणि आता दुसरं खरंही सांगतो, जे संपदाला सांगितलं नाही. त्या दुपारी बोट घाईत पडलं नव्हतं. ॲपवरचा फोटो लहान होता, पण निळ्या चौकड्यांचा शर्ट दिसत होता. एका पायात चामड्याची चप्पल, दुसऱ्यात बाथरूमची रबरी. मी ओळखलं होतं. येऊ द्या म्हटलं असतं तर खाली जाऊन त्यांना हाताला धरून आणावं लागलं असतं, पाय धुवावे लागले असते, कॉल सोडावा लागला असता. म्हटलं, बसू देत दहा मिनिटं खाली. आणि मग विसरलो.

८

सर्वपित्री अमावास्या. संपदाला ऑफिसला जावंच लागलं. आई स्वयंपाकघरात वडे तळत होती. पाट, दर्भ, तीळ, सगळं मांडून झालं होतं. पावणेबाराला भीमाचार्यांचा फोन आला, होसूर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलोय, अर्धा तास लागेल. मी फोन टेबलावर ठेवला. टेबलावर आईनं आधीच एक पान वाढून ठेवलं होतं, चौथ्या खुर्चीपुढे. श्राद्धाच्या आधी असं वाढत नाहीत. हे तिला मी सांगावं?

बाराला दहा कमी असताना दाराजवळचा इंटरकॉम वाजला.

"सायेब, कल्लाप्पा. गेटवर एक म्हातारे आल्यात बघा. सातशे चार म्हणून बोटानं दावत्यात. नाव इचारलं तर सांगता येईना त्यास्नी. तोंड जरा एका अंगाला गेलंय."

इंटरकॉमच्या जागेवरून स्वयंपाकघर दिसतं. आईची पाठ दिसत होती, तेलात झारा फिरत होता.

"कल्लाप्पा," मी म्हणालो, "पायात काय आहे त्यांच्या?"

"पायात? दोन तऱ्हेच्या चपला हाईत की. एक रबरी."

मी भिंतीला टेकलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भीती वाटायला हवी होती, पण इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. ते आले होते. मी एवढं सगळं करूनही ते पुन्हा आले होते.

"ॲपवर नाव टाकायला लागतंय सायेब. तुम्हीच सांगा की त्यांचं नाव."

मी तोंड उघडलं. पंधरा दिवस घोकलेलं नाव. खिशातला कागद काढला, अक्षरं समोर होती, म-धु-क-र. मी ती अक्षरं बघत होतो आणि माझं तोंड म्हणालं, "डंकन."

पलीकडे कल्लाप्पानं ते मोठ्यानं विचारलेलं मला ऐकू आलं. मग तो म्हणाला, "मान हलवत्यात. त्ये न्हवं म्हणत्यात."

"नावाचं राहू दे! नाव नको. सोड त्यांना आत. माझे वडील आहेत ते. मी खाली येतोय, सोड तू."

"सोडलं असतं की सायेब," कल्लाप्पा ओशाळून म्हणाला, "पर आत्ताच तुमच्याकडनं नकार आलाय."

"कुणाकडून?"

"तुमच्याच फोनवरनं. बटण दाबलंय की तुम्ही."

माझा फोन टेबलावर होता. मी वळलो. चौथी खुर्ची मागे सरकलेली होती. पानातला भात अर्धा झाला होता. फोनचा पडदा उजळलेला होता आणि त्यावर पाण्याचा एक ठसा, मोठ्या बोटाचा, अजून ओला. खुर्चीच्या पाठीवर काहीतरी गडद रंगाचं टेकलेलं होतं. त्यातून थेंब गळत होते. त्याहून वर मी पाहिलं नाही.

जिन्यानं सात मजले उतरलो. गेटवर ऊन होतं. कल्लाप्पा एकटाच उभा होता. "गेले," तो म्हणाला. "मी सांगितलं, आत घेईनात म्हणून. ते हसले सायेब, अर्ध्या तोंडानं. मग गेले."

रस्त्यावर दोन्ही बाजूंना मी पाहिलं. हाक मारायची होती. कोणत्या नावानं मारणार होतो? 'अण्णा' म्हणून ओरडलो तर रिक्षावाल्यानं मान वळवली.

वर आलो तेव्हा आई वड्यांची थाळी घेऊन टेबलाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसत होतं.

"किती वेळ बिंदू? बस आता. अण्णा खोळंबलेत."

भीमाचार्यांचा फोन वाजत होता. मी तो उचलला नाही. मी फार दमलो होतो. खुर्ची ओढली आणि बसलो. मान खाली घालून भात कालवला. समोरचं कुणीतरी माझ्यासाठी थांबलेलं होतं. मी पहिला घास घेतल्यावर त्यानंही घेतला.